थापटणे, वस्तरा आणि कोयता

मराठी विनोदाची मीमांसा करणाऱ्यांनी शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन पाट मांडले आणि यच्चयावत विनोदी लेखकांना त्यांवर ओळीने बसवले. पंगत उत्तम झाली. एक पाहुणा मात्र दाराबाहेर उभाच राहिला. कसबी माणसाच्या परिभाषेतून उपजणारा विनोद, हा तो पाहुणा. त्याला शब्दनिष्ठ म्हणावे तर त्यात कोटी नसते. शब्द सरळ असतो, आपल्या जागी चोख असतो. प्रसंगनिष्ठ म्हणावे तर पुष्कळदा प्रसंग असा काही घडतच नाही. न्हावी, कुंभार, सोनार, लोहार आपापले शब्द गंभीरपणे उच्चारतात आणि हसू आपल्याला येते. आमचा टीकाकार घरात शिरतो तो दिवाणखान्याच्या दाराने. परसदारी धार लावायचा दगड पडलेला असतो, तिकडे तो फिरकत नाही. म्हणून हे राहून गेले असावे.

मी परसदारचा माणूस. मला पाती पाजवण्याचा छंद आहे. ‘पाजवणे’ हा अस्सल शब्द आता मागे पडला. हल्ली सगळे ‘धार लावणे’ म्हणतात, आणि ज्यांना जुना शब्द आठवतो ते तो ‘परजणे’शी घोळून टाकतात. परजणे म्हणजे शस्त्र हातात घेऊन फिरवून दाखवणे. ते सभेतल्या वक्त्याचे काम. पाजवणे हे घरात बसून करायचे. विळी, सुरी, अडकित्ता, खुरपे, कात्री, करंज्यांचे कातणे, जे बोथट दिसेल ते मी ओढून घेतो. मी राहतो धाराशिवला, तेव्हा गावाच्या नावातच धार आहे, छंद जडला तर नवल काय, असे स्नेही म्हणतात. वास्तविक गावाच्या नावाची कथा सांगतात ती धारासुर नावाच्या राक्षसाची. सुरीचा तिच्याशी संबंध नाही. पण स्नेह्यांना व्युत्पत्ती कोण शिकवणार?

या छंदाची मंडळी आता पुष्कळ झाली आहेत आणि त्यांची बोली ऐकण्यासारखी असते. आम्ही पात्याबद्दल बोलत नाही, पात्याच्या कोनाबद्दल बोलतो. वस्तऱ्याला अमुक अंश, स्वयंपाकाच्या सुरीला पंधरा की वीस, कोयत्याला याहून जाड, यावर दोन मित्रांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. दगडांना नंबर असतात. जपानी दगड एक हजारचा, तीन हजारचा, सहा हजारचा. आकडा जितका मोठा तितका कण बारीक, आणि किंमत मात्र कणाबरोबर बारीक होत नाही. मग मोसची पट्टी येते. फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची शिडी लावली, तीत हिरा दहाव्या पायरीवर आणि कुरुंद नवव्या. हा कुरुंद मुळात आपल्या दक्षिणेतला शब्द. इंग्रजीत जाऊन तो ‘कोरंडम’ झाला आणि आता शिष्ट होऊन परत येतो. पात्याची एक बाजू घासत गेले की दुसऱ्या बाजूला काठावर केसाहून बारीक अशी लोखंडाची तार चढते. ती बोटाला लागली म्हणजे समजायचे की दगड काठापर्यंत पोचला. मग बाजू पालटायची, मग अधिक बारीक दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून ती तार काढून टाकायची. सगळी विद्या एवढीच. पण या एवढ्याशा विद्येवर आम्ही इतके बोलतो की न्यायशास्त्राच्या पंडितांनी कानाला खडा लावावा.

आमच्या आत्याबाईंनी जन्मभर विळीला धार लावली ती चिनी मातीच्या बशीच्या बुडावर. बशीच्या बुडाच्या कडेला चकाकी नसते. तेथे माती उघडी असते आणि ती पोलादाला चांगली घासते. म्हणजे शास्त्र त्यांच्या बाजूचे. एकदा मी त्यांना अंश, नंबर आणि तार यांचे सविस्तर निरूपण ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “अरे, भेंडी चिरायची आहे, अफझलखान नाही.”

या एका वाक्यात परिभाषेच्या विनोदाचे मर्म आहे असे मला वाटते. जिथे काटेकोरपणाची गरज नाही तिथे तो काटेकोरपणाने हजर झाला की माणूस हसतो. कोल्हटकरांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटाचा अर्धा विनोद याच खाणीतला. क्षुल्लक रूढीला शास्त्रार्थाची झूल घातली की ती चालू लागते. गडकऱ्यांच्या बाळकरामाने ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’ लिहिली, तेव्हा ‘मोहीम’ हा शब्द शीर्षकात ठेवताच निम्मे काम झाले होते. मात्र ही मौज वाचकाच्या माहितीवर उभी असते. त्या पिढीच्या कानात बखरी होत्या; मोहीम म्हटले की तिला घोडदळ दिसे. आज मोहीम स्वच्छतेची असते, आणि शाळकरी मुलाला त्या शीर्षकात हसण्यासारखे काय, ते समजावून सांगावे लागते. परिभाषेचा विनोद बोथट होतो तो असा: त्याचे पाते झिजत नाही, ज्या दगडावर ते पाजवायचे तो दगडच घरातून जातो.

शिकलगाराच्या तोंडी हीच परिभाषा आली की मात्र हसू येत नाही. शिकलगार म्हणजे मूळचे तलवारींना जिल्हई देणारे. शब्दच फारसी-अरबी वळणाचा, फौजांबरोबर आलेला. तलवारींचे दिवस गेले तशी ही मंडळी सुऱ्या, कात्र्या, कुलपांच्या किल्ल्या यांवर आली; मराठवाड्यात त्यांत मुसलमान आहेत तसे शीखही आहेत. सायकल उभी करून पायडलने दगडाचे चाक फिरवणारा आणि गल्लीत ठिणग्यांचे फुलबाजे उडवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो फार बोलत नाही. पाते नखावर टेकवतो आणि म्हणतो, “पाणी गेलंय याचं.” येथे पाणी म्हणजे तापवलेले लोखंड एकदम पाण्यात बुडवून त्याला आणलेला कठीणपणा. नुसते बुडवले तर पाते काचेसारखे तडकते, म्हणून पुन्हा बेताने शेकावे लागते. तो बेत ज्याला साधतो तो लोहार. चाकावर पाते फार वेळ दाबून धरले, काठ निळा पडला, की पाणी गेले. ‘पाणीदार’, ‘पाणी जोखणे’, ‘पाणी पाजणे’ हे आपण रोज बोलतो आणि त्यांतले पाणी कोणत्या हौदातले याचा विचार करीत नाही. ‘धारेवर धरणे’ म्हणतो, त्यातली धारही विसरतो. ‘धारातीर्थी पडणे’ या प्रयोगात तर तलवारीच्या धारेला काशी-प्रयागाची योग्यता दिली आहे, आणि त्यात तीर्थाच्या पाण्याचा व पात्याच्या पाण्याचा जो संगम झाला आहे तो कोणा कवीने केलेला नाही.

पंडितांनी कसब्याचा शब्द उचलला की काय होते याचा एक नमुना दख्खनच्या पोलादाचाच आहे. निजामाच्या मुलखात, आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम् येथे मुशीत आटवून जे पोलाद होई, त्याला इराणपर्यंत गिऱ्हाईक होते. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या जातीच्या पोलादावर निबंध वाचला आणि त्यात त्याचे नाव पडले ‘वुट्झ’. पुढे १८१९ मध्ये लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे यानेही याच नावाने त्याचे पृथक्करण केले. आता कानडीत पोलादाला म्हणतात ‘उक्कु’. उक्कुचे वुट्झ लिहिताना चुकले की छापताना, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण जगातल्या कोणत्याही लोहाराने न उच्चारलेला शब्द धातुशास्त्राच्या ग्रंथांत सव्वादोनशे वर्षे सन्मानाने नांदतो आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो. धाराशिवपासून जवळच तेर आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून ज्याचा उल्लेख आहे तेच हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची भाजलेल्या मातीची कामे पाहायला मिळतात. गोरोबाकाकांनी येथे चाक फिरवले तेव्हा गावची माती आधीच हजार-बाराशे वर्षे मुरलेली होती. त्यांच्या घरी संतमंडळी जमली, मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काकांनी सांगितले. मग आमचीही परीक्षा होऊ द्या, असे तिने म्हटले, आणि काका उठून एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे संतापले, आणि निकाल लागला की हे मडके कच्चे. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कीर्तनकार ती गुरुमहिम्यासाठी सांगतात, कारण नामदेव यानंतर विसोबा खेचरांकडे जातात. मला ती मराठीतली परिभाषेच्या विनोदाची पहिल्या प्रतीची कथा वाटते, आणि तिचा विनोद कीर्तनात वाया जातो.

पाहा, या गोष्टीत शब्दाला कुठेही धक्का लावलेला नाही. कच्चे म्हणजे कच्चेच, पक्के म्हणजे पक्केच. काका रूपक करीत नाहीत; ते आपला धंदा करीत आहेत. बदलली आहे ती फक्त वस्तू. मडक्याच्या जागी भक्तिमार्गातले सर्वांत लाडके डोके आले आहे. आणि हा बदल घडवला कोणी, तर मंडळीत वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलीने, एक साळसूद प्रश्न विचारून. मुक्ताबाईंच्या कवित्वावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या या खोडकर प्रश्नाबद्दल कोणी चार ओळी लिहाव्यात.

कुंभाराचे काम जवळून पाहणाऱ्याला या गोष्टीत आणखी एक गंमत दिसते. भाजलेले मडके पारखायला थापटणे लागत नाही. टिचकी पुरते, पक्के असेल तर खणखणते, फुटके असेल तर बद्द वाजते. थापटणे हे पसरट लाकडी हत्यार वापरायचे ते ओल्या मडक्यावर. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटायचे, म्हणजे भिंत पातळ होते आणि पोट गोल येते. मग काकांनी हे हत्यार का उचलले? कथा रचणाऱ्या लोकांना कुंभारकाम ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. गावात कुंभारवाडा असताना ते कसे शक्य आहे? मला असे वाटते की काकांनी कोणालाच पक्के धरलेले नव्हते. थापटणे हातात घेतले तेव्हाच सगळी आळी त्यांच्या लेखी ओली होती, आणि जो थापटण्याखाली ओरडला त्याचे पोट तेवढे गोल व्हायचे राहिले होते. असे वाचले की नामदेवांना मिळालेला शेरा अपमान राहत नाही, तो कामाचा एक टप्पा होतो. आध्यात्मिक अर्थ सांगणाऱ्यांनी माझ्यावर रागावू नये. मी हत्याराच्या बाजूने वाचतो आहे.

हत्याराच्या बाजूने वाचण्याची ही सवय लागली की इतर संतांकडेही लक्ष जाते. नरहरी सोनारांनी आपल्या अभंगात मूस, हातोडा, कातरी अशी सगळी पेटी परमार्थाला लावली, आणि सोनाराच्या कातरीबद्दल गावात जो जुना संशय असतो तोही गाळला नाही. चोरी करायची ती रामनामाच्या सोन्याची, असे म्हणून तो पदरात घेतला. गिऱ्हाईक जे मागे बोलते ते कसब्याने स्वतः पुढे होऊन बोलावे, याहून मोकळा विनोद कोणता? सेना न्हाव्यांच्या हजामतीच्या अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, डोके भिजवायचे पाणी आहे, नखे काढणे आहे. वस्तऱ्याचे नाव मात्र नाही. ज्या हत्यारावर न्हाव्याचे पोट, तेच गाळलेले. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते चांगल्या न्हाव्याचा वस्तरा जाणवतच नाही. जाणवला की रक्त आले. सेनांनी तो जाणवू दिला नाही, आणि अहंकाराची शेंडी तर हातात धरलेली आहे.

कचेरीची परिभाषा हे वेगळे प्रकरण. आमच्या जिल्ह्याने ती जितकी सोसली तितकी पुण्या-मुंबईने सोसलेली नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी तेव्हा ‘अव्वल तालुकदार’. मग तो कलेक्टर झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि तोच साहेब त्याच कचेरीत जिल्हाधिकारी होऊन बसला. अर्ज घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला तिन्ही वेळा बाहेरच थांबावे लागले ही गोष्ट वेगळी. नव्या राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ काढला आणि आचार्य अत्र्यांनी त्याचा ‘बदनाम कोश’ करून टाकला. महाराष्ट्र पोटभर हसला.

त्या हसण्यात मी अर्धाच सामील आहे. अत्र्यांची कोटी लाजवाब खरी, पण त्या काळी विचित्र वाटलेले कितीतरी शब्द आज कोणी हसल्याशिवाय उच्चारतो. ‘अभियंता’ म्हटले की आता पूल दिसतो, संस्कृत व्याकरण दिसत नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ केला आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग आहे, पण लोहारशाळेत आजही बोलतात ते फारसीमिश्रितच. दोन्ही कोशांना एकच गोष्ट आड आली: शब्द घडवणारा आणि हत्यार चालवणारा यांची भेट झाली नाही. ती भेट ज्याने घडवून आणली तोही एक आत्रेच. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तो महसूल खात्यातली नोकरी करता करता, आणि बलुतेदारांचे शब्द त्यांच्याच तोंडून घेतले. त्या पुस्तकात पुष्कळ ठिकाणी हसू येते, आणि ते मुद्दाम आणलेले नाही. एका अत्र्याने परिभाषेला हसवले, दुसऱ्या आत्र्याने ती ऐकली. आपण पहिल्याचा वाढदिवस साजरा करतो.

जाता जाता सांगतो: २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले, पण पशुवैद्यांच्या परिभाषेत आमची नामांकित शेळी ‘उस्मानाबादी’ आहे ती आहेच. तिला कोणी विचारले नाही.

या सगळ्या प्रकारांहून निराळा असा एक शब्द आमच्याकडे आहे, आणि त्याच्यापाशी माझी मीमांसा अडते. तेरच्या शेजारी ढोकी. दोन्ही नावे जोडून लोक ‘तेरढोकी’ असेच म्हणतात. ढोकीला तेरणा साखर कारखाना उभा राहिला आणि थापटण्याच्या गावाशेजारी कोयत्याचे गाव झाले. ऊसतोडीची परिभाषा ऐकावी तर मोठी रंगेल आहे. बैलगाडीने ऊस नेणारे ते ‘गाडीसेंटर’, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारे ते ‘डोकीसेंटर’. झोपडी ती ‘कोपी’, उसाचे शेंडे ते ‘वाढे’, आगाऊ रक्कम ती ‘उचल’, चुकलेला दिवस तो ‘खाडा’. आणि माणसे मोजायचे एकक ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा गडी आला तर तो ‘अर्धा कोयता’. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही हसू आले होते. संस्कृत कवींनी अर्धनारीनटेश्वर कल्पिला, मुकादमाने तो वहीत उतरवला, असे मी मित्राला म्हणालोही.

उसाच्या बुडख्याकडची कांडी सर्वांत गोड, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते, आणि त्यासाठी कोयत्याला रोज धार लागते. रात्री कोप्यांच्या वस्तीवरून कानशीचा आवाज येतो. तो माझ्या छंदाचा आवाज नव्हे. तिथे अंश नाहीत, नंबर नाहीत. पहाटे काळोखात वाकायचे आहे एवढेच आहे. जोडीतली बाई तोडते, मोळी बांधते, वाहते, आणि वहीत तिचे नाव वेगळे नसते. ती कोयत्याच्या आत असते. गोरोबांच्या गोष्टीत हत्याराने माणसे पारखली, पण नामदेवांना रागावता आले, पंढरपूरला जाऊन गाऱ्हाणे घालता आले. येथे हत्यारानेच माणसे मोजली जातात आणि ती मोजणी इतकी रुळलेली की मोजलेली माणसेही सहज म्हणतात, आमच्या गावातून इतके कोयते गेले.

कारखान्याच्या हद्दीबाहेरून थेट दरवाजावर येणाऱ्या उसाला ‘गेटकेन’ म्हणतात. ऊसतोड्यांच्या मुलखात, विशेषतः बीडकडे, घाईघाईने उरकलेल्या लग्नालाही ‘गेटकेन’ म्हणतात. हंगाम तोंडावर आला, मुलाचा अर्धा कोयता पुरा करायचा, म्हणून लग्न. मुलीचे वय पुष्कळदा अठराच्या आतले असते, आणि तसे लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. शब्द ज्याने कोणी काढला त्याची विनोदबुद्धी गडकऱ्यांच्या तोलाची होती हे टीकाकार म्हणून मला मान्य करावे लागते. बाळकरामाने लग्नाला मोहिमेची भाषा लावली ती आपल्याला हसवण्यासाठी. येथे ती भाषा साखर कारखान्याच्या फाटकावरून आली आणि कोणाला हसवायचे होते ते कळत नाही.

दसरा झाला. खंडेनवमीला आपण घराघरांतून विळी, सुरी, अडकित्ता धुऊन पुसून मांडला, हळदकुंकू वाहिले. माझ्या छंदाला त्या दिवशी वर्षाची प्रतिष्ठा मिळते. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर त्याच दिवशी कोयते पुजले गेले. आता दिवाळीच्या सुमारास, तुम्ही हा अंक हाती घेऊन चकली मोडाल तेव्हा, ट्रक भरू लागतील. भांडी, शेळी, पोरे, वर बांधलेले गाठोडे. एखादी नवी नवरी फाळक्याला धरून उभी असेल, हातातला हिरवा चुडा अजून नवा. मुकादम पेन्सिल काढील आणि वहीत तिच्या नावावर एवढेच लिहील: कोयते, एक.